सर्ट-इनला कळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नागपुरातल्या नव्या सिस्टिमवाल्यांसाठी

हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात, वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात किंवा इतवारीच्या एखाद्या पेढीवर तुम्ही नुकतेच कामाला लागलात आणि "तुला कॉम्प्युटरमधलं समजते ना, मग हेही पाहून घे" असं म्हणून सर्व्हरचा पासवर्ड तुमच्या हाती आला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गेली बरीच वर्षं मी अशाच लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. नवीन मुलं भेटतात, त्यांना फायरवॉल माहीत असतो, अँटिव्हायरस माहीत असतो. पण दिल्लीत बसलेली सर्ट-इन ही संस्था आपल्या शेडमधल्या सर्व्हरसाठी काय करते, आणि तिने ते करावं म्हणून आपण काय करायचं असतं, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. मीही एके काळी गप्प झालो असतो.

सर्ट-इन म्हणजे इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम. जानेवारी २००४ पासून ती काम करते. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब ने तिला सायबर घटनांसाठीची राष्ट्रीय संस्था ठरवलं आहे. अनेकांना वाटतं की ती पोलीस चौकीसारखी आहे: चोरी झाली, फोन केला, गाडी आली. तसं तिचं काम चालत नाही.

नागपूरकराला हे डेंगीच्या उदाहरणाने पटकन कळेल. पावसाळ्यात आपल्या मोहल्ल्यात एकाला डेंगी होतो. डॉक्टर त्याच्यावर उपचार करतात, आणि सोबत महापालिकेला नोंदही कळवतात. मग माणसं येऊन आजूबाजूच्या घरांतले कूलर तपासतात, साचलेलं पाणी ओततात, फवारणी करतात. त्या एका नोंदीमुळे शेजारची दहा घरं वाचतात. डॉक्टरांनी नोंद दिलीच नाही तर कूलर तसेच भरलेले राहतात. सर्ट-इनचं बहुतांश काम या नोंदीवर चालतं. देशभरातून घटना कळवल्या जातात, त्यांत एकसारखी खूण दिसते, आणि ती खूण उरलेल्यांना वेळेत सांगितली जाते. ती नोंद आपल्यासारख्यांच्या हातून जायची असते, म्हणून हा सगळा खटाटोप.

कोणाकडे काय घेऊन जायचं

घाईत लोक चुकीच्या दारात उभे राहतात, म्हणून हे आधीच पाठ करा.

खात्यातून पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० ला. ही गृह मंत्रालयाखालच्या आय-फोर-सी या केंद्राची व्यवस्था आहे. तिथे तक्रार लागली की पुढच्या बँकेत पोहोचलेली रक्कम गोठवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यात मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. गुन्हा नोंदवायचा असेल तर पोलिसांचं सायबर ठाणं. वीज, बँकिंग, दूरसंचार, वाहतूक या क्षेत्रांतल्या ज्या यंत्रणा बंद पडल्या तर देशच अडेल, त्यांच्यासाठी एनसीआयआयपीसी नावाची वेगळी संस्था २०१४ पासून आहे. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे पाहिलं की मला तिची आठवण होते, कारण विजेचं जाळं तिच्या यादीत फार वर आहे. बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे सरकारी कार्यालयांपासून तुमच्या गोदामापर्यंत, तांत्रिक घटना कळवण्याचं ठिकाण सर्ट-इन.

पैसेही गेले आणि सर्व्हरही फुटला, तर दोन्हीकडे कळवायचं. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला आपोआप कळलं, असं धरून चालू नका.

राखण होते ती कशी

सर्ट-इनचं काम तीन अंगांनी आपल्यापर्यंत पोहोचतं.

पहिलं, धोक्याच्या सूचना. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की सर्ट-इन त्यावर टिपण काढते: कोणत्या आवृत्तीत दोष आहे, किती गंभीर आहे, उपाय काय. २०२१ पासून तिला अशा दोषांना जागतिक यादीतला सीव्हीई क्रमांक देण्याचाही अधिकार आहे. सूचना वेळेत वाचली तर काय वाचतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण २०१७ चं आहे. विंडोजमधला एक दोष बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं. त्याच दोषातून घुसणारं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, १२ मेला जगभर पसरलं. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी त्या दोन महिन्यांत अपडेट टाकलं, त्यांच्याकडे त्या वाटेने काही शिरलं नाही.

दुसरं, आजारी मशीन शोधणं. तुमच्या ऑफिसातला एखादा पीसी दुसऱ्याच कोणाच्या हुकमावर चालत असेल, म्हणजे बॉटनेटमध्ये ओढला गेला असेल, तर तो बाहेरच्या ठरावीक सर्व्हरांशी गुपचूप बोलतो. ही बोलणी बाहेरून टिपता येतात. कोणत्या आयपी पत्त्यावरून ती होतात याची यादी इंटरनेट कंपनीकडे जाते आणि कंपनीने ते ग्राहकाला कळवायचं असतं. यासाठी २१ फेब्रुवारी २०१७ ला सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. त्याच्या संकेतस्थळावर बॉट काढून टाकणारी साधनं फुकट मिळतात.

तिसरं, आग पसरू न देणं. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तेव्हा देशाची पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या कंपनीची जोडणीच तात्पुरती तोडली. देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार थोडा वेळ अडले. ग्राहकांना त्रास झाला, पण बाकीची व्यवस्था वेगळी राहिली. एवढा मोठा निर्णय घ्यायला "कुठे लागलं आहे" हे लवकर कळावं लागतं, आणि सर्ट-इनकडे वेळेत गेलेली नोंद त्यासाठीच असते.

आता आपल्या बाजूचं काम. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने कलम ७०-ब खाली निर्देश काढले. ते जूनअखेरीस लागू झाले. लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, तीही केव्हाच संपली. त्यामुळे "आपण तर लहान आहो, आपल्याला कोण विचारते" या भरवशावर राहू नका. माहिती न देणं किंवा निर्देश न पाळणं यासाठी कायद्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत. पण मी तुम्हाला शिक्षेच्या भीतीने हे करायला सांगत नाही. हे निर्देश ज्या दिवशी कामी येतात, तो दिवस मी पाहिला आहे.

पहिलं काम: घड्याळं जुळवा

वाडीतलं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस. सोमवारी सकाळी पावणेदहाला मुनीमजींचा फोन आला: "टॅली उघडत नाही, काय होऊन राहिलं काही समजत नाही." मी पोहोचलो तर सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती वर्षभर सर्व्हरलाच लावून ठेवलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद.

हे केव्हा आणि कुठून झालं ते शोधायला बसलो. सर्व्हर म्हणत होता, रात्री २ वाजून ४० मिनिटं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे होता. राउटर तर २०१५ सालच्या १ जानेवारीत जगत होता, कारण शनिवारी लाइट जाऊन आली, तो रीस्टार्ट झाला आणि त्याला खरी वेळ सांगणारं कोणी नव्हतं. तीन यंत्रं, तीन वेळा. राउटरवरची बाहेरून आलेली जोडणी आणि सर्व्हरवरचं लॉगिन ही एकच घटना आहे, हे खात्रीने सांगता येईना. संपूर्ण दिवस त्यात गेला.

निर्देशांमध्ये घड्याळाचा मुद्दा आहे तो याचसाठी. सगळ्या यंत्रांची वेळ एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी बांधायची. एनआयसीच्या सर्व्हरचं नाव 'समय' आहे, किती सोपं. सर्व्हर, राउटर, फायरवॉल, डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये एनटीपी नावाची जागा असते. तिथे पत्ता टाका, टाइम झोन भारताचा ठेवा. मग एक दिवस राउटर मुद्दाम बंद करून चालू करा आणि वेळ आपोआप बरोबर येते का पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. ही चाचणी एप्रिलच्या आधी उरका.

दुसरं काम: १८० दिवसांचे लॉग

यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवणार, कारण इथेच बहुतेक ऑफिसं उघडी पडतात.

लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी: कोण आलं, कुठून आलं, काय उघडलं, कोणाला नकार मिळाला. निर्देश सांगतात की हे लॉग सुरू ठेवा आणि मागचे १८० दिवस भारतीय हद्दीत जपून ठेवा. सर्ट-इनने मागितले तर देता आले पाहिजेत. ऐकायला सोपं आहे. पण विंडोजचा सुरक्षा-लॉग मुळात फक्त २० एमबीचा असतो. भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं. गजबजलेल्या सर्व्हरवर २० एमबी काही दिवसांत भरतात. आणि कोणी बाहेरून रात्रभर पासवर्ड आपटत असेल तर त्याचे फसलेले प्रयत्नच इतके होतात की त्याने पहिल्यांदा दार वाजवलं ती नोंद पुसली जाते. लहान राउटर तर लॉग मेमरीतच ठेवतात. लाइट गेली की सगळं साफ.

वाडीच्या सर्व्हरवर आम्हाला जेमतेम चार दिवसांचं सापडलं. पण त्यातही गोष्ट स्पष्ट होती. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिक्युरिटी निवडा आणि ४६२५ क्रमांकाने गाळा. हा फसलेल्या लॉगिनचा क्रमांक. पानामागून पान तेच: ॲडमिनिस्ट्रेटर, नकार. ॲडमिनिस्ट्रेटर, नकार. मग 'अकाउंट', 'टॅली', 'ऑफिस' अशी अंदाजाने टाकलेली नावं, सेकंदाला दोन-तीन या वेगाने. आणि रविवारी पहाटे २ वाजून ३१ मिनिटांनी एकच ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, लॉगिन प्रकार १०. प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून सर्व्हरचा पडदा चालवण्याची सोय. मालकांना घरून टॅली पाहता यावं म्हणून कोणीतरी कधीतरी राउटरवर ३३८९ हे पोर्ट थेट बाहेर उघडून ठेवलं होतं. पासवर्ड होता कंपनीचं नाव आणि पुढे १२३.

तुमच्या ऑफिसात आजच हे पोर्ट बाहेरून उघडं आहे का ते बघा. असेल तर या लेखाचा पुढचा भाग नंतर वाचा, आधी ते बंद करा. घरून काम हवंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसापर्यंतच्या बंदिस्त खासगी जोडणीतून द्या आणि लॉगिनला मोबाइलवरचा दुसरा पुरावा जोडा.

लॉग टिकवायचे तर मी सांगतो ते करून पाहा. सुरक्षा-लॉगची मर्यादा वाढवून एक जीबीपर्यंत न्या. जुना, नीट चालणारा एखादा पीसी घ्या, त्यावर लिनक्स टाका, त्याला सिसलॉग सर्व्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांचे लॉग एका जागी गोळा करणारा सर्व्हर बनवा. राउटर, फायरवॉल आणि सर्व्हर आपले लॉग तिकडे पाठवतील. या पीसीचा पासवर्ड बाकी कुठेच वापरलेला नसावा, कारण घुसखोर बहुधा जाताना लॉग पुसतो. सर्व्हरवरचे पुसेल, इथले उरतील. विंडोजमध्ये लॉग पुसल्याचीही एक नोंद होते, क्रमांक ११०२. ती कधी दिसली आणि ऑफिसात कोणीच ते केलं नसेल, तर तो दिवस साधा नाही. लहान ऑफिसचे सहा महिन्यांचे लॉग दाबून ठेवले तर एका साध्या हार्ड डिस्कवर आरामात मावतात. खर्चाचं कारण इथे चालत नाही.

तिसरं काम: एक नाव, एक सूचना-वही

संस्थेतर्फे सर्ट-इनशी बोलणारा माणूस ठरवा. त्याचं नाव, हुद्दा, मोबाइल आणि ई-मेल सर्ट-इनला कळवून ठेवायचं असतं. माणूस नोकरी सोडून गेला की बदल कळवायचा. ई-मेल एखाद्या व्यक्तीचा देण्यापेक्षा दोघे-तिघे पाहतील असा खास पत्ता काढलेला बरा. मी दोन ठिकाणी असं पाहिलं आहे की इंटरनेट कंपनीकडून आलेली बॉटची सूचना सोडून गेलेल्या मुलाच्या मेलबॉक्समध्ये महिनोनमहिने पडून होती.

मग सर्ट-इनच्या संकेतस्थळावरच्या सूचना. त्या रोज निघतात आणि सगळ्या वाचल्या तर डोकं गरगरेल. म्हणून आधी तुमच्याकडे काय काय आहे त्याची यादी एका वहीत लिहा: विंडोजची कोणती आवृत्ती, कोणता राउटर, कोणता फायरवॉल, वेबसाइट कशावर बनली, कोणते ब्राउझर. सूचनेत सगळ्यात वर गंभीरतेची पातळी असते, त्याखाली कोणत्या सॉफ्टवेअरवर परिणाम होतो त्याची यादी. ही दोनच ठिकाणं आधी पाहा. तुमच्या वहीतलं नाव तिथे नसेल तर पुढे जा. असेल आणि पातळी 'क्रिटिकल' किंवा 'हाय' असेल तर त्याच दिवशी अपडेटची तयारी करा. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा चहा घेताना हे काम करतो.

एक सावधगिरी. सर्ट-इनच्या नावाने आलेला प्रत्येक मेल सर्ट-इनचा नसतो. ज्यात पासवर्ड मागितला आहे, पैसे भरायला सांगितलं आहे किंवा "ताबडतोब हे सॉफ्टवेअर टाका" असं लिहिलं आहे, तो उघडून बसू नका. संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः शोधा आणि फोन करून विचारा. तसंच, सुरक्षा-तपासणी करून देणाऱ्या संस्थांची यादी सर्ट-इन ठेवते आणि ती सगळ्यांना पाहता येते. "आम्ही सर्ट-इनचे ऑडिटर आहो" असं सांगत कोणी ऑफिसात आला तर त्याचं नाव त्या यादीत आहे का ते तिथल्या तिथे पाहा.

घटना घडली त्या दिवशी

पहिली दहा मिनिटं. बाधित मशीनची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. मशीनची वीज शक्यतो बंद करू नका, कारण मेमरीत घुसखोराच्या खुणा असू शकतात. बॅकअपची डिस्क कुठे लावलेली असेल तर ती लगेच वेगळी करा. पडद्याचा मोबाइलने फोटो काढा: चिठ्ठी, फाइलींची नावं, वेळ. आणि फॉरमॅट मारू नका. सगळ्यांचा पहिला कल तिकडेच असतो. "नवीन विंडोज टाकून दे, अर्ध्या तासात काम सुरू करू," असं मालक म्हणतात. त्या अर्ध्या तासात पुरावा जातो आणि दार उघडंच राहतं.

नंतर एका कागदावर पेनाने लिहायला लागा. कोणी केव्हा काय पाहिलं, तुम्ही केव्हा काय केलं. कागदावर, कारण त्या दिवशी कोणत्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवावा हे कळत नसतं.

आता सहा तास. निर्देशांप्रमाणे घटना कळवायची मुदत एवढीच आहे. ते घटना घडल्यापासून नाहीत, तुमच्या लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून मोजायचे. कोणत्या घटना कळवायच्या, याची २० प्रकारांची यादी निर्देशांसोबत जोडलेली आहे. रॅन्समवेअर, डेटा चोरी, वेबसाइट विद्रूप करणं, सर्व्हरवर हल्ला, फिशिंग, बनावट मोबाइल ॲप, सोशल मीडिया खात्यात घुसखोरी हे सगळं त्यात येतं. कळवायचं ते ई-मेलने, इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन या पत्त्यावर, किंवा १८००-११-४९४९ या टोल-फ्री क्रमांकावर. संकेतस्थळावर अर्जाचा नमुना आहे, तो आधीच छापून ठेवा.

सहा तासांत सगळं कळलेलं नसतं, आणि ते अपेक्षितही नाही. हाती आहे तेवढं पाठवायचं, बाकीचं नंतर. वाडीच्या घटनेचा मजकूर आज मला लिहायचा असता तर मी एवढाच लिहिला असता:

"आमची वाहतूक कंपनी, नागपूर. आज सकाळी ९ वाजून ४५ मिनिटांनी लक्षात आलं. एका विंडोज सर्व्हरवरच्या फाइली कुलूपबंद, खंडणीची चिठ्ठी सोबत जोडली आहे. रविवारी पहाटे २ वाजून ३१ मिनिटांनी बाहेरच्या आयपी पत्त्यावरून रिमोट डेस्कटॉप लॉगिन दिसतं, पत्ता खाली दिला आहे. सर्व्हर नेटवर्कपासून वेगळा केला आहे, बंद केलेला नाही. बाकी सहा पीसी तपासत आहोत. संपर्क अमुक, मोबाइल तमुक. लॉग उपलब्ध आहेत."

बस. यात सर्ट-इनसाठी सर्वांत मोलाचा आहे तो बाहेरचा आयपी पत्ता आणि चिठ्ठीचा नमुना. तोच पत्ता त्या आठवड्यात आणखी कुठे दार वाजवत असू शकतो, नाशिकच्या एखाद्या कारखान्यात, रायपूरच्या एखाद्या दवाखान्यात. हाच तो शेजारच्या घरातला कूलर.

आम्ही कळवलं ते तिसऱ्या दिवशी. मालक, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, तयारच नव्हते. "नाव खराब होते ना भाऊ. पार्ट्यांना समजलं तर माल कोण देईल?" त्यांची भीती खोटी नव्हती. चाळीस वर्षं शब्दावर धंदा केलेल्या माणसाला ती वाटणारच. तुम्हालाही हे ऐकायला मिळेल, तेव्हा चिडू नका, शांतपणे समजवा. सर्ट-इनला कळवणं म्हणजे वर्तमानपत्रात छापणं नव्हे. नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळलं आहे, त्यामुळे कोणीही अर्ज करून तुमची तक्रार काढून घेईल असं होत नाही. आणि खंडणी भरली म्हणून बातमी दबत नाही, फाइली परत मिळतीलच याची कोणी हमीही देत नाही. आपण पैसे देणारे आहोत हे मात्र समोरच्याला कळतं. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांना सोबत घेऊन ते २०१६ मध्ये सुरू केलं. आमच्या चिठ्ठीची किल्ली तिथे नव्हती, पण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कळवल्यावर तुम्हाला क्रमांक मिळतो, तो कागदावर उतरवून ठेवा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने चालतो. विमा असेल तर विमा कंपनीला आणि पोलिसांना देण्याच्या अर्जातही तो लिहा. ग्राहकांची किंवा कामगारांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, त्यासाठी वकिलाशी बोला.

परत उभं राहणं

वाडीचं ऑफिस वाचलं ते दोन गोष्टींमुळे. मार्चअखेरची टॅलीची प्रत सीएच्या ऑफिसात होती, ऑडिटसाठी पेनड्राइव्हवर दिलेली. आणि त्यानंतरच्या प्रत्येक मालाची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, कागदावर होती. मुनीमजी आणि दोन मुलींनी बिल्ट्यांचे गठ्ठे काढले आणि सतरा दिवस बसून नोंदी पुन्हा टाकल्या. रात्री आठपर्यंत, पंखा लावून, एकीने वाचायचं आणि दुसरीने टाइप करायचं. काकाजी त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी सांभारवडी मागवायचे आणि दारात उभे राहून बघायचे.

तुमच्याकडे बिल्ट्या नसतील. म्हणून बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसाबाहेर. बाहेरची डिस्क घरी नेत असाल तर दोन डिस्क ठेवा, म्हणजे बदलताना दोन्ही एकाच वेळी सर्व्हरजवळ येणार नाहीत. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून खरंच डेटा परत काढून पाहा. बॅकअप 'झाला' असा हिरवा टिक मी अनेकदा रिकाम्या फोल्डरवर पाहिला आहे.

आता वाडीत आम्ही दर सहा महिन्यांनी एका शनिवारी दुपारी तालीम करतो. मी न सांगता एका पीसीची केबल काढतो आणि म्हणतो, "हा गेला." मग घड्याळ सुरू. केबल, फोटो, कागद, काकाजींना फोन, अर्जाचा नमुना, मेलचा मजकूर. पहिल्या वेळी मेल लिहून तयार व्हायला तीन तास लागले, कारण टोल-फ्री क्रमांक लिहिलेला कागदच सापडेना. मुनीमजींनी तो नंतर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिला आणि सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मागच्या तालमीत पन्नास मिनिटं लागली.